सात म्हाताऱ्यांचं विरजण

माणसाच्या आधी कोंबडीची खुशाली विचारणारे गृहस्थ सबंध नाशिक जिल्ह्यात एकच होऊन गेले, आणि आमच्या नशिबानं म्हणा किंवा त्यांच्या दुर्दैवानं म्हणा, ते आमचे घरमालक होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गंगापूर रोडला बंगले थोडे आणि मळे फार होते. माझं नुकतंच लग्न झालं होतं, एका सरकारी कचेरीत कारकुनी लागली होती आणि मी खोली शोधत वणवण करत होतो. तीन घरं पालथी घालून झाली होती. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी असायची, चहासुद्धा विचारला जायचा, आणि मी आडनाव सांगितलं की तीच खोली नेमकी आदल्या दिवशी पुतण्याला दिलेली निघायची. नाशकात इतके पुतणे आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चौथ्या दारी मी कंटाळून आधीच सांगून टाकलं, "आम्ही बौद्ध आहोत. चालत असेल तर खोली बघतो, नसेल तर तसं सांगा, पुतण्याला मध्ये आणू नका." दारातल्या उंच, वाळक्या म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाकडं न बघता माझ्या चपलांकडं बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कोंबड्या हायेत का?" नाहीत म्हणालो. "शेजारी?" शेजारी होत्या. "बऱ्या हायेत ना? शिंकत-बिंकत नाय ना?" त्या ठणठणीत आहेत अशी मी हमी दिली. "मंग सामान आणा भाऊसाहेब. वासाचं तेवढं बघा, वास लय येतो." एवढ्या मुलाखतीवर आम्हाला घर मिळालं आणि पुढची सात वर्षं आम्ही त्या घरात काढली.

सगळे त्यांना नाना म्हणत, तसे आम्हीही म्हणू लागलो. मूळचे हरसूलकडच्या डोंगरातले. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं कंपाउंडरची नोकरी करून ते रिटायर झाले होते. नोकरी सुटली, पण दवाखान्याचा खाकी कोट काही सुटला नव्हता. त्या कोटाच्या एका खिशात लसणाचा गड्डा असायचा आणि दुसऱ्यात चुन्याची पुडी. मला आधी वाटलं, म्हातारबुवा पान खात असतील. पण तो चुना कोंबड्यांच्या शेडच्या दाराशी ठेवलेल्या पाटीसाठी होता. त्या पाटीतल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय शेडच्या अंगणात कुणाला प्रवेश नसे. आमची खोली त्याच अंगणाच्या पलीकडच्या टोकाला असल्यामुळे दिवसातून चार वेळा आमचे पाय पांढरे होत. पोस्टमननं कंटाळून आमची पत्रं कुंपणावरून फेकायला सुरुवात केली. एकदा एक फौजदार भाडेकरूंची चौकशी करायला आले, तर नानांनी त्यांच्या चकचकीत बुटांकडं बोट दाखवून म्हटलं, "साहेब, कायदा बाहेरून आला तरी चालंल, पण रोग नको." फौजदार बाहेर उभे राहूनच चौकशी करून गेले.

माझे सासरे मुलीचा संसार बघायला पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पायात कोऱ्या करकरीत वहाणा होत्या. नानांनी त्यांना आधी चुन्यात उभं केलं आणि मग रामराम घातला. वर विचारलं, "तुमच्या गावच्या कोंबड्या कशा हायेत?" सासऱ्यांना वाटलं, व्याह्यासारखा हा माणूस कोंबडीच्या जेवणाचं सुचवतोय. त्यांनी जोरात मान डोलावून, "या की, या की," म्हटलं. नाना एवढे खूश झाले की निघताना त्यांनी आपल्या खास म्हाताऱ्या कोंबड्यांपैकी एक सासऱ्यांच्या काखेत दिली. "हिला जपा पाव्हणं, ही अंड्यासाठी नाय. ही घराण्यासाठी हाय." सासऱ्यांना त्यातलं काहीही कळलं नाही, आणि मलाही कळायला बराच वेळ लागला.

नानांचं खरं वैर होतं ते एका पिवळ्या पुडीशी. त्या काळी पोल्ट्रीचा धंदा नुकताच जोर धरत होता आणि कोंबड्यांच्या पाण्यात रोज चिमूटभर पिवळी ॲन्टिबायोटिक पूड टाकली की रोग येत नाही, उलट कोंबडी झपाट्यानं वाढते, असं सगळे सांगत. रस्त्यापलीकडे एक मोठा पोल्ट्रीवाला होता. त्याच्याकडचं पाणी सदा पिवळं असे. औषधांचे विक्रेते मोटारसायकलवरून येत आणि नानांच्या चुन्याच्या पाटीशी अडत. नाना त्यांना अंगणाबाहेरच बसवून ताक पाजत आणि म्हणत, "तीस वरसं हीच पूड मी कागदात बांधली. पयल्या वर्षाला चिमूट पुरायची, मंग चमचा लागला. मी रिटायर झालो तवा लोक मूठ मागत होते. उद्या फावड्यानं टाकाल, आणि परवा खरंच दुखणं आलं की पेटीत काय राहील?" विक्रेता ताक पिऊन निघून जाई.

मग कोंबड्या आजारी पडू नयेत म्हणून नाना काय करत? तर दुसरं काहीच करत नसत. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत ते तेच करत. शेडमधला भाताचा भुसा रोज उलथायचा. ओला दिसला की मूठभरसुद्धा ठेवायचा नाही. भांडी उन्हात वाळवायची. पाण्यात आठवड्यातून दोनदा ताक आणि खाद्यात ठेचलेला लसूण. आमच्या अंगणाला लसणाचा असा वास मुरला होता की कचेरीतले लोक मला रोज विचारत, "आज काय चटणी का?" कोंबड्यांना द्यायच्या पाण्याचा पहिला घोट नाना स्वतः पीत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "जे मला जात नाय गळ्याखाली, ते मी त्यांना कोणत्या तोंडानं पाजू?"

पण या सगळ्याहून न्यारी गोष्ट होती ती सात म्हाताऱ्यांची. शेडच्या एका अंगाला वेगळं खुराडं होतं आणि त्यात सात वयस्क कोंबड्या राहत. त्या अंडी फारशी देत नसत, विकायच्याही नसत. नानांच्या बायकोनं फार वर्षांपूर्वी हरसूलच्या बाजारातून एक गावठी कोंबडी आणली होती, तिचा हा वंश. एकही औषध न घेता तीन वर्षं जी निरोगी जगली, तिलाच या खुराड्यात बढती मिळे. नाना रोज सकाळी त्यांच्यापुढं उकिडवे बसून त्यांची शीट निरखत. एखादीची पातळ दिसली की त्यांना त्या दिवशी जेवण जात नसे. आणि हॅचरीतून एक दिवसाच्या पिल्लांची खोकी आली, की पिल्लांना पाण्याचा थेंबही मिळायच्या आत नाना या सात जणींची ताजी शीट घेत, कोमट पाण्यात आणि ताकात कालवत, स्वच्छ फडक्यातून गाळत आणि एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवत. दोनशे पिल्लं असली तर दोनशे वेळा. आमचं सामान लागून तिसराच दिवस होता, तेव्हा माझ्या बायकोनं हा सोहळा पाहिला. पुढचे दोन महिने आमच्याकडं अंडं शिजलं नाही.

मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "भाऊसाहेब, गावठी कोंबडी अंड्यांवर बसती. पिल्लू बाहेर आलं की पयलं काय करतं? आईच्या पायात उकरतं. आई जिथं हगली तिथंच चोच मारतं. आपण म्हणतो घाण. घाण नाय, ते विरजण हाय. आईच्या पोटातलं पोराच्या पोटात गेलं की पोट लागलं. मंग रोग आला तरी त्याला बसायला जागा नाय. आणि हे मशीनचं पिल्लू बघा. यानं आई बघितलेलीच नाय. कोरं पोट. दूध बिनविरजणाचं ठेवलं तर काय व्हतं? नासतं. तसं हे नासतं." आणि थोडं थांबून म्हणाले, "विरजण मातर चांगल्या दह्याचंच पायजे. आंबलेलं लावलं तर सगळं भांडं गेलं." रस्त्यापलीकडचा पोल्ट्रीवाला याला 'नानांचं पंचामृत' म्हणे आणि सगळा गंगापूर रोड हसे. पण नानांची पिल्लं जगत, हे तोही नाकबूल करत नसे.

विरजण हा शब्द नानांच्या तोंडी असा बसला होता, त्याला दुसरंही कारण होतं. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी ते दह्याची वाटी घेऊन दारात उभे राहिले. "नव्या घरात पयलं विरजण विकतचं लावू नये पोरी. हे आमच्या हिचं हाय." त्यांची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. ती गेली त्या दिवशी तिनं लावलेलं दही फळीवर होतं, आणि त्यातलं चमचाभर काढून नानांनी रोज पुढचं दही लावत नेलं होतं. मूलबाळ नव्हतं. घरात तिचं म्हणावं असं चालतं-बोलतं तेवढंच उरलं होतं, असं ते एकदा मला म्हणाले. आता आमच्या गावी मी लहानपणापासून हे बघितलं होतं की वरच्या आळीतून आमच्या वस्तीत ताक-भाकरी यायची, पण आमच्या हातचं तिकडं काही जायचं नाही. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात मांजरानं त्यांच्या दह्यात तोंड घातलं आणि नाना रिकामी वाटी घेऊन आमच्या दारात आले, "पोरी, विरजण दे," म्हणाले, तेव्हा माझी बायको क्षणभर अडखळली. तिनं वाटी भरून दिली आणि आत येऊन डोळ्याला पदर लावला.

इतकं सगळं सांगितलं ते यासाठी, की पुढं मी जे केलं ते कुणाच्या बाबतीत केलं, हे नीट कळावं.

आम्हाला तिथं पाच वर्षं झाली होती. थंडीचे दिवस होते. मालेगावला दिलेली नानांची धाकटी बहीण अंथरुणाला खिळल्याचं पोस्टकार्ड आलं. भाच्यानं एवढंच लिहिलं होतं, 'मामा, आई लय आजारी शे, लवकर ये.' नानांनी पोस्टकार्ड दोनदा वाचलं आणि मग खुराड्याकडं बघितलं. शेड सोडून ते कधी एक दिवस बाहेर राहिले नव्हते. मी पुढं होऊन म्हणालो, "नाना, तुम्ही जा. मी बघतो सगळं." त्यांनी मला भुसा कसा उलथायचा, पाणी कधी बदलायचं, सगळं सांगितलं, आणि शेवटी सात म्हाताऱ्यांकडं बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना फक्त बघत जा. ह्यांच्या बाबतीत काय करायचं नसतं, बघायचं असतं."

तीन दिवस मी बघितलं. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या कोपऱ्यातल्या दोघी पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेल्या दिसल्या. दाण्याला तोंड नाही, पाण्याला तोंड नाही. बायको म्हणाली, "तार करा." मी म्हणालो, "त्यांची बहीण मरणाच्या दारात आहे आणि मी कोंबडी बसलीय म्हणून तार करू?" बोललो ते खरंच होतं, पण सगळं खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. ज्या माणसानं जातीकडं न बघता मला घर दिलं, त्यानं पहिल्यांदा विश्वासानं काही हाती सोपवलं आणि ते माझ्या हातात बिघडलं, हे त्यांना कळू नये एवढंच मला वाटत होतं. दुपारी मी कचेरीतून लवकर निघालो आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पोल्ट्रीत गेलो. पोल्ट्रीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला, आणि पिवळी पुडी माझ्या हातावर ठेवत म्हणाला, "न्या. नानांना नाय सांगत. पाण्यात टाका, उद्या-परवा उभ्या राहतील."

आणि त्या राहिल्या की उभ्या. तिसऱ्या दिवशी दोघी दाणे टिपत होत्या. मी पाण्याचं भांडं राखेनं घासघासून पिवळा डाग घालवला, उरलेली पूड मातीत पुरली आणि बायकोला बजावलं, की हे तुझ्या-माझ्यात राहू दे. ती मान फिरवून चुलीकडं वळली. ते मला आवडलं नाही, पण मी तिकडं कानाडोळा केला.

नाना आठव्या दिवशी परतले. बहीण गेली होती. टाळूवरचे केस काढलेले, डोळे सुजलेले, अशा अवस्थेत त्यांनी चुन्याच्या पाटीत पाय बुडवले आणि घरात न जाता आधी खुराड्यापुढं उकिडवे बसले. सातही जणी मोजल्या. शीट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, बहीण गेली. पण हे सगळं जाग्यावर राहिलं, तुमच्यामुळं. सोताच्या पोरानं नसतं केलं." अशा वेळी कुणी काय सांगावं? मी मनात म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, दिवस झाले की सांगू. उद्या म्हणता म्हणता दिवस गेले.

दिवस होऊन आठवडाही झाला नव्हता, आणि पिल्लांची खोकी आली. मी कचेरीतून घरी पोचलो तेव्हा नाना भुश्यावर मांडी घालून बसले होते. पुढ्यात ती कालवलेली वाटी, डाव्या हाताला चिवचिवणारी खोकी, उजव्या हाताला चोच बुडवून झालेली पिल्लं. निम्मी अजून व्हायची होती. मी चुन्याच्या पाटीत उभा राहिलो. तेव्हा बोललो असतो तरी निम्मी पिल्लं वाचली असती. नानांनी मान वर करून बघितलं आणि प्रेमानं म्हणाले, "दमून आलात. जावा, चहा घ्या." मी आत गेलो आणि चहा घेतला.

चौथ्या दिवशी पिल्लांना पांढरी हगवण लागली. हातात घेतलं की पिल्लू मान टाकी. नाना सकाळी टोपली घेऊन शेडमध्ये जात आणि भरून बाहेर येत. परसात खड्डा काढून चुना टाकून पुरत. दोन दिवस त्यांनी ताक दिलं, लसूण दिला, उबेसाठी बल्ब वाढवले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाकी कोट चढवला आणि मी खिडकीतून बघत असताना ते रस्ता ओलांडून पलीकडच्या पोल्ट्रीत गेले. पिवळी पुडी घेऊन परत आले. मी दारात उभा होतो. माझ्याकडं बघून म्हणाले, "आजारी हाय त्याला औषध नाय द्यायचं तर काय द्यायचं? औषध बऱ्याला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं हाय." आपण केलं ते त्यांना चाललं असतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पन्नासेक पिल्लं वाचली.

वाचलेली पिल्लं त्यांनी मोठी करून विकली आणि पुन्हा खोकी मागवली नाहीत. सात म्हाताऱ्या एका व्यापाऱ्यानं टोपल्यात घालून नेल्या. त्या वेळी नाना बाहेर आले नाहीत. चुन्याची पाटी हळूहळू वाळली, तिच्यात पालापाचोळा साचला आणि पोस्टमन पुन्हा दारापर्यंत येऊ लागला. पुढं कधीतरी बायकोनं सांगितलं, नाना हल्ली डेअरीतून दही आणतात. मी म्हटलं, मांजरानं तोंड घातलं असेल. ती म्हणाली, "तसं असतं तर वाटी घेऊन आले असते."

त्यानंतरची दोन वर्षं मी कधी विसरणार नाही. नाना रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि विचारत, "भाऊसाहेब, काय चुकलं असंल?" रोज नवं कारण त्यांना सापडे. कधी भुसा नव्या गिरणीचा होता, कधी कालव्याचं पाणी बदललं होतं. एकदा तर त्यांनी ज्या एस.टी.नं खोकी आली, तिच्या कंडक्टरला स्टँडवर जाऊन गाठलं आणि त्या दिवशी गाडीत किती बिड्या ओढल्या, असं विचारलं. कंडक्टरनं त्यांना हात जोडले. एरवी मी हा किस्सा कचेरीत रंगवून सांगितला असता. एकदा म्हणाले, "सुतकात खुराड्याला हात लावला, तेच भोवलं." आणि अगदी शेवटी शेवटी त्यांनी कारणं शोधायचं सोडलं. म्हणाले, "विरजण-बिरजण काय नसतंच बहुतेक. इतकी वरसं पिल्लं जगली ती नशिबानं. म्हातारा उगाच लोकांना शानपण शिकवीत बसला." मी दर वेळी मान खाली घालून म्हणायचो, काय माहीत नाना. दोन वर्षं मी तेवढंच म्हणालो.

मग आम्हाला वसाहतीत स्वतःचं घर मिळालं. सामान बांधून झालं, त्या दिवशी बायको दारात आडवी उभी राहिली. "तुम्ही सांगता की मी सांगू? त्यांना तसंच ठेवून मी इथून पाय काढणार नाही."

मी जाऊन सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. नानांनी पहिल्यांदा विचारलं, "कोणत्या दोघी?" डाव्या कोपऱ्यातल्या, मी म्हणालो. "शीट पांढरी व्हती?" मी बघितली नव्हती. "पूड किती दिवस दिली?" तीन दिवस. तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीत बसून विचारलेले प्रश्न ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "म्हंजे त्याच आजारी व्हत्या. पुडीनं त्यांना उभं केलं, बरं नाय केलं. रोग आतच राहिला, आणि मी तोच घेऊन पोरांच्या तोंडाला लावला." दोन्ही हातांनी त्यांनी गुडघे धरले. "म्हंजे विरजण खोटं नव्हतं. भाऊसाहेब, विरजण खरं व्हतं." ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "औषध दिलं ते बरोबरच केलं तुम्ही. मी असतो तर मीबी दिलं असतं. मला फक्त सांगायचं व्हतं. चार महिने मी त्यांचं विरजण घेतलं नसतं, एवढंच झालं असतं." त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

माझ्या डोक्यात एकदम सासऱ्यांना दिलेली कोंबडी आली. त्याच घराण्यातली, निरोगी, माझ्या हाताखालून न गेलेली. त्या रविवारी मी तडक सासुरवाडीला गेलो. सासूबाईंना मोठ्या आशेनं विचारलं. त्या म्हणाल्या, "अवो, ती व्हय? ती तर तुमीच खाल्ली ना मागल्या दिवाळीला. लय कडक निघाली व्हती." मला ते आठवलं. मी रस्सा दोनदा मागून घेतला होता. हे मी नानांना सांगितलं, कारण आता लपवायचं काही मला जमणार नव्हतं. ते इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली.

एकदा मी आणि नाना हरसूलच्या बाजारालाही गेलो. एका बाईच्या टोपलीत ऐन भरातली गावठी कोंबडी होती. नानांनी तिला हातात घेतलं, पंखाखाली बघितलं, चोच उघडून बघितली, आणि परत टोपलीत ठेवली. "चांगली हाय. पण हिच्या पोटात काय हाय, ते कळायला तीन वरसं हिच्यापुढं बसायला पायजे. माझ्याकडं तीन वरसं नायेत भाऊसाहेब. दोन व्हती, ती गेली." त्यांनी ते टोचून म्हटलं नाही. हिशेब तेवढा होता. येताना एस.टी.त ते खिडकीशी बसून झोपी गेले.

त्यांचं म्हणणं बरोबर निघालं. पुढच्या थंडीत ते गेले. त्याच्या आधी आम्ही शेवटचं भेटायला गेलो, तेव्हा माझ्या बायकोनं फडक्यात बांधून दह्याची वाटी नेली होती. "नाना, हे काकूंचंच आहे. आम्ही मोडलेलं नाही." नानांनी पडल्या पडल्या बोट बुडवून चाखलं. बराच वेळ जिभेवर ठेवलं. म्हणाले, "हिचंच हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई माणसाच्या हातात दिलेलं टिकतं, भाऊसाहेब. म्हाताऱ्या पोरीच्याच हवाली करून जायला पायजे व्हत्या." बायको हसली. मीही हसलो.

त्या शेडच्या जागी आता तीन मजली इमारत उभी आहे. परवा एक तरुण जनावरांचा डॉक्टर भेटला. मी त्याला नानांची रीत सांगितली तर तो चकित झाला. म्हणाला, निरोगी कोंबडीच्या पोटातलं पिल्लाला द्यायचं असं बाहेरच्या देशांत मोठमोठे लोक करून बघतात, तुमच्या नानांनी कुठं वाचलं? मी म्हटलं, ते वाचत नसत, बघत बसत. आमच्या घरी रोज संध्याकाळी दही लागतं, अजून तेच. लेक सासरी जाताना वाटीत घेऊन गेली. घट्ट आणि गोड लागतं असं सगळे म्हणतात. मीही खातो. पण पहिल्या घासाला अजूनही थोडा थांबतो. त्या घरात माझी जात कुणी कधी विचारली नव्हती, मी केलेलं तेवढं मलाच फक्त सांगायचं होतं.